‘लाइफटाइम’ तेल आणि भंडाऱ्याचा उन्हाळा

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर लाखनी तालुक्यातले गडेगाव लागते. तिथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या अशोक लेलँडच्या कारखान्यात जड वाहनांचे गिअरबॉक्स तयार होत आले आहेत. म्हणजे गिअरबॉक्स ही वस्तू भंडारा जिल्ह्याला अनोळखी नाही. हातगिअरचा ट्रक चालवणारा कोणताही चालक सांगेल, की इंजिनाच्या ऑइलसारखे गिअर ऑइलही ठरावीक किलोमीटरला बदलायचे असते. ते टाळले तर आधी गिअर अडकू लागतो, मग आवाज येतो आणि मग गाडी उभी राहते. याच रस्त्यावर आता ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी मोठ्या संख्येने धावू लागल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना मात्र उलटे सांगितले जाते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची गरजच नाही असे असते, काहींत नुसते ‘तपासा’ एवढेच लिहिलेले असते, आणि सर्व्हिसिंगच्या काउंटरवर एक शब्द ऐकू येतो: ‘लाइफटाइम’. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हा शब्द ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे आणि त्याच्या जागी किलोमीटर व वर्षांचा स्पष्ट आकडा छापला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे तेल काय करते ते आधी पाहू, कारण सगळा घोळ ‘तेल म्हणजे वंगण’ या समजुतीतून होतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा घन दुवा सुरुवातीला नसतोच. इंजिन एक पंखा फिरवते, तो पंखा तेलाला फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा दुसरा पंखा फिरतो. गाडी हलते ती त्या तेलाच्या जोरावर. गिअर बदलायचा निर्णय संगणक घेतो, पण प्रत्यक्ष बदलतो तो तेलाचा दाब. बोटाएवढ्या झडपा उघडतात, दाब योग्य त्या क्लचकडे जातो आणि चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्या चकत्या तेलात बुडलेल्या असूनही घसरू नयेत, पण पकडताना धक्काही बसू नये, इतके नेमके घर्षण तेलात मिसळलेल्या रसायनांनी साधलेले असते. शिवाय दातेरी चाकांना वंगण देणे आणि सगळ्या यंत्राची उष्णता बाहेर वाहून नेणे ही कामे आहेतच. एकाच द्रवाकडून शक्ती, हुकूम, घर्षण, वंगण आणि थंडावा अशी पाच कामे करून घेणारे दुसरे यंत्र घरातल्या कोणत्याही वस्तूत सापडणार नाही. जो एवढे काम करतो तो झिजणारच.

झिजतो म्हणजे नेमके काय होते? चालत्या गाडीत हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असते. उष्णतेत तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो, ते हळूहळू आंबट आणि जाडसर होते, आणि झडपांच्या भिंतींवर लाखेसारखा पातळ थर चढतो. घर्षण नेमके ठेवणारी रसायने खर्ची पडतात. क्लचच्या चकत्यांची बारीक भुकटी आणि धातूची कणी त्यात मिसळते. तेलतज्ज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे, की तापमान दर दहा अंशांनी वाढले की हे खराब होणे जवळपास दुपटीने वेगवान होते. म्हणून ९० अंशांना जे तेल लाखभर किलोमीटर टिकेल, ते सातत्याने ११० अंशांना चालवले तर पाव अंतरही गाठताना धापा टाकील. हे गॅरेजवाल्याचे म्हणणे म्हणून सोडून द्यावे तर थेट बनवणाऱ्याची साक्ष आहे. महागड्या जर्मन मोटारींना आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः सांगते, की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर आठ वर्षांत, तेल बदला. तोच गिअरबॉक्स ज्या मोटारीत बसवला जातो, तिची कंपनी मात्र ग्राहकाला ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणून सांगत आली. एकाच यंत्राबद्दल बनवणारा एक आणि विकणारा दुसरे बोलत असेल, तर विश्वास बनवणाऱ्यावर ठेवावा.

आता हा आकडा आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. मोटारीच्या पुस्तिकेत देखभालीचे दोन तक्ते असतात, एक सामान्य वापराचा आणि एक कठीण वापराचा. कठीण वापर म्हणजे काय, हे बारीक अक्षरात लिहिलेले असते: खूप उष्ण हवा, धूळ, थांबत-थांबत चालणे, वारंवार छोट्या फेऱ्या, भरलेली गाडी, चढ. ही यादी वाचून भंडाऱ्याचा माणूस चमकेल, कारण ते आपल्या वर्षाचे वर्णन आहे. ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेलाची उष्णता शेवटी रेडिएटरमार्फत बाहेरच्या हवेलाच द्यायची असते, आणि ती किती वेगाने निघेल हे दोहोंच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर २५ अंश असताना ९० अंशांच्या द्रवाला ६५ अंशांचा उतार मिळतो, बाहेर ४५ असेल तर ४५ चाच. म्हणजे थंडाव्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते, आणि ती घटते नेमकी त्याच वेळी जेव्हा एसीही पूर्ण जोरात चालू असतो व त्याची उष्णता त्याच जाळीसमोर फेकली जाते. त्या जाळीवर आपल्याकडे काय बसते? तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींकडच्या रस्त्यांची धूळ, वैनगंगेच्या रेतीच्या वाहतुकीची धूळ, धान मळणीच्या दिवसांतला भुसा. त्यात गाडीचा वापर असा, की मोहाडी ते भंडारा, साकोली ते लाखनी, कचेरी ते बाजार. तेल पुरते तापून त्यातला ओलावा उडायच्या आत गाडी पुन्हा उभी. पुस्तिकेतला सामान्य वापराचा तक्ता इथल्या बहुतेक गाड्यांना लागूच होत नाही, आणि तरी सर्व्हिसिंगचे बिल त्याच तक्त्याने निघते.

‘लाइफटाइम’ या शब्दात खरा प्रश्न आहे तो कोणाच्या आयुष्याचा. कंपनीची वॉरंटी साधारण तीन ते पाच वर्षांची. एमएच-३६ ची पाटी लावून रस्त्यावर आलेल्या खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची, आणि पुढे तपासणी करून ती वाढवताही येते. मधली जी दहा वर्षे उरतात, ती कोणाच्या हिशेबात धरायची? शहरातला पहिला मालक पाच-सहा वर्षांनी गाडी विकतो आणि ती नागपूरहून पवनीला किंवा लाखांदूरला येते. ‘लाइफटाइम’ संपलेल्या तेलासह ती दुसऱ्या मालकाच्या अंगणात उभी राहते, आणि गिअरबॉक्स बसला की लाख-दीड लाखाचा किंवा त्याहून मोठा खर्च त्या माणसाच्या माथी येतो, ज्याने मुळात स्वस्त पडते म्हणून जुनी गाडी घेतली होती. तेल वेळेवर बदलण्याचा खर्च त्याच्या तुलनेत काही हजारांचा.

आपल्या जिल्ह्याला देखभालीचा हा हिशेब शिकवायला बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. मालगुजारांच्या काळात बांधलेले मामा तलाव शेकडो वर्षे धानाला पाणी देत राहिले, ते कोहळी समाजाच्या कसबाने बांधले गेले म्हणून जसे, तसेच गाळ निघत राहिला, पाळ बुजवली गेली, तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, निगा राखली गेली म्हणूनही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि निगा राखणारा नेमका कोण हेच धूसर झाले. पाळी तशाच उभ्या होत्या, पाणीही दिसत होते, पण आत गाळ साठत गेला आणि साठवण उतरत गेली. पुढे गाळ काढण्यासाठी सरकारला वेगळी योजना आणावी लागली. गिअरबॉक्समध्ये तेच घडते. बाहेरून काही दिसत नाही, गाडी चालत असते, आणि क्षमता आतून कमी होत जाते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कंपनीचे अभियंते आपल्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांनी लाखो किलोमीटर चाचण्या केलेल्या असतात, मग गल्लीतल्या मिस्त्रीचे का ऐकावे? अभियंत्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण चाचणीत जी परिस्थिती धरली, तिच्याबाहेर गाडी गेली की उत्तर बदलते, हे खुद्द मोठ्या कंपन्यांना किंमत मोजून शिकावे लागले आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या सात गिअरच्या डीएसजी, म्हणजे दुहेरी क्लचच्या, गिअरबॉक्समधले कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत, त्या तेलामुळे आतल्या विद्युत भागांत बिघाड होऊ शकतो असे लक्षात आले होते. युरोपच्या थंड हवेत जे तेल निमूट काम करत होते, ते आशियातल्या उन्हात आणि गर्दीत वेगळे वागले. अभियंते चुकीचे नव्हते, हवा वेगळी होती. भंडाऱ्याची हवाही वेगळी आहे, एवढेच मी म्हणतो आहे. शिवाय ‘तेल बदलायची गरज नाही’ हे वाक्य नेहमीच प्रयोगशाळेतून येते असे मानू नये. गाडी सांभाळायचा खर्च विक्रीच्या तक्त्यात जितका कमी दिसेल तितकी ती विकायला सोपी जाते, आणि तेल न बदलण्याचा खर्च शून्य असतो.

दुसरा आक्षेप गॅरेजांमधून येतो आणि तो जास्त प्रचलित आहे. जुन्या गाडीचे ऑटोमॅटिक तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो, म्हणून हात लावू नका, असे अनुभवी मिस्त्रीही सांगतात. हा अनुभव खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दीड लाख किलोमीटर एकदाही तेल न बदललेली गाडी जेव्हा गॅरेजमध्ये येते, तेव्हा बहुतेक वेळा ती गिअर घसरतो किंवा धक्का बसतो म्हणूनच आलेली असते. क्लचच्या चकत्या तोवर उगाळून गेलेल्या असतात आणि त्यांचीच भुकटी तेलात तरंगून कशीबशी पकड देत असते. नवे स्वच्छ तेल येते, भुकटी जाते, आणि झाकलेला आजार उघडा पडतो. रोग आधीचा, दोष औषधाला. यात एक सावधगिरी मात्र खरी आहे. फार जुन्या तेलावर यंत्राने जोराने धुऊन काढण्याचा, म्हणजे फ्लशिंगचा, प्रयोग करू नये, कारण कोपऱ्यात बसलेला गाळ उठून झडपांत अडकू शकतो. खालचा नट उघडून निघेल तेवढे तेल सोडावे आणि तेवढेच नवे भरावे, हा मार्ग सौम्य आहे. असे केल्याने निम्म्याच्या आसपास तेल बदलते, कारण उरलेले टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत अडकलेले असते. काही हजार किलोमीटर चालवून तेच पुन्हा केले की जुन्याचे प्रमाण बरेच खाली येते. ज्या गाडीत जाळीचा फिल्टर निघतो, तिथे तोही बदलावा.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे. हा आकडा छापला की त्याच्या आडून गिऱ्हाईक लुबाडले जाईल, नको तिथे तेल बदलले जाईल, चुकीचे तेल भरले जाईल. ही भीती खरी आहे, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे निदान चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून घरोघर पोहोचलेली एएमटी ही मुळात हातगिअरचीच पेटी आहे. तिच्यात साधे गिअर ऑइल असते, आणि गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचा थोडासा वेगळा द्रव. तिला टॉर्क कन्व्हर्टरचे लाल तेल लागत नाही. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये चिमटून फिरतो, त्याचे तेल पकड देणारे असावे लागते. तिथे चुकून साधे ऑटोमॅटिक तेल गेले तर पट्टा घसरून पुली खरवडल्या जातात. दुहेरी क्लचच्या गाड्यांचे तेल आणखी निराळे. दिसायला लाल म्हणजे सारखेच, असे मुळीच नाही. रंग तर गळती ओळखू यावी म्हणून मिसळलेला असतो, गुण ठरतो तो आतल्या रसायनांनी. अमेरिकेत १९७० च्या सुमारापर्यंत या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे, कारण क्लचच्या चकत्यांना त्याने हवे तसे गुळगुळीत घर्षण मिळे. देवमाशाच्या संरक्षणासाठी बंदी आली तेव्हा बदली रसायन शोधताना तिथल्या तेल कंपन्यांची दमछाक झाली. इतका नाजूक हा मामला आहे. म्हणूनच ‘कोणतेही चालते’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराकडून ही बाटली घेऊ नये, आणि पुस्तिकेत जो प्रकार छापला आहे तो अक्षरशः बाटलीवर वाचल्याशिवाय झाकण उघडू देऊ नये.

पण या भीतीवरचा इलाज माहिती लपवणे हा नव्हे. लुबाडणूक होते ती गिऱ्हाइकाला आकडा माहीत नसतो म्हणून. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू दिली नाहीत या ठपक्यावरून. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारीही आहेत. दिशा ठरलेली आहे, पण तुमसरच्या गॅरेजपर्यंत ती पोहोचलेली नाही. बिस्किटाच्या पुड्यावर कधी तयार झाले आणि कधीपर्यंत खावे हे छापावे लागते. पंधरा लाखांच्या मोटारीत सर्वांत महाग यंत्राचे तेल किती दिवस टिकेल, हे बॉनेटखालच्या एका चिठ्ठीवर छापायला अडचण काय? त्या चिठ्ठीवर तेलाचा प्रकार, एकूण किती लिटर, सामान्य आणि कठीण अशा दोन्ही वापरांसाठी किलोमीटर व वर्षे, आणि पातळी कोणत्या तापमानाला तपासायची, एवढे असावे. जिल्ह्यातल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यास करणाऱ्या मुलांना हे काम प्रत्यक्ष हाताने शिकवले जावे.

तापमानाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण आपल्याकडे नेमके तिथेच फसते. नव्या गिअरबॉक्सना तेल मोजायची काडी बहुधा नसते. इंजिन चालू ठेवून, गिअर सगळीकडे फिरवून, स्कॅनरवर तेलाचे तापमान पाहत तपासणीचा नट उघडायचा आणि तिथून बारीक धार येऊन थांबली की पातळी बरोबर, अशी पद्धत असते. त्यासाठी अनेक गिअरबॉक्सना दिलेली मर्यादा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास आहे. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बंद बाटलीच त्या मर्यादेच्या वरच्या टोकाला असते. इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत तेल पुढे निघून जाते. गरम तेल फुगलेले असते, फुगलेले जास्तीचे समजून वाहू दिले जाते, आणि रात्री गाडी थंड झाली की आत तेल कमी पडते. कमी तेलात पंप हवा ओढतो, दाब तुटतो, क्लच घसरतो. मग ‘तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला’ ही गोष्ट गावभर होते. चूक तेलाची नव्हती, दुपारच्या वेळेची होती.

पुराचे पाणी ही याच्या शेजारचीच गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले तेव्हा कितीतरी वाहने पाण्यात उभी होती. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते, गाडी खोल बुडाली तर पाणी तिथूनही आत जाते. क्लचच्या चकत्यांवरचे कागदी अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेले असते, त्याला पाणी सहन होत नाही. तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागले तर गाडी सुरूही करू नये, आधी ते काढावे. तिथे ‘लाइफटाइम’चा प्रश्नच उरत नाही.

जास्त वेळा तेल बदलले तर वाया गेलेले तेल वाढेल, हाही विचार करायला हवा. पण निकामी झालेला एक गिअरबॉक्स म्हणजे कित्येक किलो अॅल्युमिनियम आणि पोलाद पुन्हा घडवणे, आणि तेल मात्र शुद्ध करून परत वापरता येते. वापरलेले तेल गोळा करून त्याच्यावर प्रक्रिया होईल याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. गॅरेजने ते नालीत ओतू नये, सेंट्रिंगच्या पाट्यांना किंवा वाळवीला फासायला देऊ नये, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

कंपन्या चिठ्ठी छापतील तेव्हा छापतील. तोवर ज्यांच्या पुस्तिकेत कठीण वापराचा आकडा आहे त्यांनी तोच धरावा. ज्यांच्या पुस्तिकेत काहीच नाही आणि गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे, त्यांनी ६० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे, जे आधी येईल ते, हा माझा हिशेब लावून पाहावा. वॉरंटी चालू असेल तर काम अधिकृत केंद्रातच आणि लेखी बिलावर. वेळ निवडायची मोकळीक असेल तर धान घरात आल्यानंतरची, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडावी. तेव्हा तेल हळूहळू ३५ अंशांवर चढते, मिस्त्रीला नटाशेजारी थांबून धार बघायला सवड मिळते, आणि निघालेले जुने तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन त्याचा रंग व जळका वास मालकाला स्वतः पाहता येतो. काम झाले की तारीख, किलोमीटर, तेलाचा प्रकार आणि किती लिटर गेले हे सर्व्हिस बुकात लिहून घ्यावे. उद्या ही गाडी पवनीच्या कोणा दुसऱ्या माणसाच्या अंगणात जाईल, तेव्हा त्याच्या हातात निदान ते पान असेल.